पुण्याहून डोंगरात जाताना: सुट्टीच्या भटकंतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शुक्रवारी संध्याकाळी कुणाचा ना कुणाचा फोन येतोच. "उद्या कुठे जाऊ?" बरीच वर्षं सॅक पाठीला लावून हिंडल्यामुळे ओळखीतल्या सगळ्यांना हा प्रश्न मलाच विचारावासा वाटतो आणि मलाही उत्तर द्यायला आवडतं. फोनवर जे घाईत सांगतो ते इथे निवांत लिहिलं आहे. माझा एक आग्रह मात्र सगळ्या उत्तरांत सापडेल: कुठे जायचं हे ठरवण्याआधी पायथ्याला परत किती वाजता यायचं ते ठरवा. डोंगरातल्या बहुतेक अडचणी उशिरातून येतात.

चालायची अजिबात सवय नाही. सुरुवात कुठून करू?

घराजवळच्या टेकडीवरून. पुणेकरांना हे सांगितलं की थोडा हिरमोड होतो, कारण मनात राजगड असतो. पण वेताळ टेकडी समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे, शहरातली सर्वांत उंच जागा. गोखलेनगर, लॉ कॉलेज, चतुःशृंगी, पाषाण, कुठूनही चढा आणि दुसऱ्या बाजूला उतरा, दोन-अडीच तासांची चांगली चाल होते. पर्वती, तळजाई, फर्ग्युसनमागची हनुमान टेकडी हेही आहेच.

लागोपाठ चार रविवार हे करा. चढताना शेजारच्याशी न थांबता बोलता येऊ लागलं की पुढे सरका. तोपर्यंत बूट कुठे चावतो, गुडघा उतरताना दुखतो की चढताना, पाणी किती लागतं हे घरापासून पंधरा मिनिटांवर कळलेलं असतं.

आणि टेकडीला निव्वळ सरावाची जागा समजू नका. मार्चमध्ये पळस फुलतो तेव्हा पानं नसलेल्या फांदीवर केशरी फूल हात लावून पाहा, पाठीमागून ते मखमलीसारखं लागतं. पावसाच्या तोंडावर नवरंग येतो. दिसण्याआधी त्याची दोन सुरांची शीळ ऐकू येते आणि मग पाचोळ्यात उड्या मारताना तो सापडतो. पावसाळा संपता संपता कुसळी गवत मोज्यांत शिरतं. खाणीजवळ भल्या पहाटे मोर ओरडतो. एकच टेकडी चारही ऋतूंत पाहिलेला माणूस पुढे कुठल्याही गडावर गेला तरी जास्त पाहतो, हे मी अनेकांच्या बाबतीत अनुभवलं आहे.

सिंहगड पायी चढायला किती वेळ लागतो?

आतकरवाडीतून नेहमीच्या वाटेने सवा ते दीड तास. रोज जाणारे पाऊण तासात पोचतात, त्यांच्याशी बरोबरी करू नका. गडाची उंची १३१२ मीटर. वाट रुंद आणि मळलेली आहे, चुकायचा प्रश्न नाही, पण उन्हाळ्यात सावली फारच कमी आणि उतरताना मुरमावर घसारा लागतो. पाय आडवा टाकून उतरा, टाचेवर भार देऊन पळत उतरू नका.

वर गेल्यावर बहुतेक जण पुणे दरवाजातून आत शिरतात, भजी खातात आणि परततात. कल्याण दरवाजापर्यंत जा. तानाजी मालुसऱ्यांची समाधी पाहा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे कड्यावरून कसे चढले असतील हे कड्याच्या काठाशी (कठड्याच्या आत) उभं राहिल्याशिवाय समजत नाही. देवटाक्याचं पाणी थंडगार असतं.

सिंहगड जमला. पुढे काय?

लोहगड, मग तिकोना, मग राजगड, मग तोरणा. हा क्रम मी सगळ्यांना सांगतो आणि त्याला कारण आहे. लोहगडाला शेवटपर्यंत पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा एकामागून एक दरवाजांतून वळत वळत वर जाताना गडाची रचना आपसूक कळते. तिकोना छोटा, पण शेवटच्या पायऱ्या उंच आणि उभ्या. तिथे हातांचा वापर करायची पहिली सवय होते. माथ्यावरून पवना धरणाचं पाणी आणि समोर तुंगचा सुळका.

राजगडाला पूर्ण दिवस द्या. पाली दरवाजाची वाट सोपी, गुंजवण्यातून चोर दरवाजाची वाट उभी. शिवाजी महाराजांनी रायगडाआधी पंचवीसहून अधिक वर्षं इथून कारभार पाहिला. पद्मावती माचीवर पोचलं की अनेकांना वाटतं गड झाला. खरा गड त्यानंतर सुरू होतो: बालेकिल्ला, सुवेळा माचीवरचं नेढं (कातळातलं आरपार भोक), आणि संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी. संजीवनीवर दोन तटांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने चालताना पावसाळ्याव्यतिरिक्तही दगडांना ओल असते, मी तिथे कुणाला पळू देत नाही. सगळं एका दिवसात होत नाही. एखादी माची पुढच्या खेपेला ठेवा.

तोरणा १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सर्वांत उंच किल्ला. वेल्ह्यातून धारेवरची चढण लांबलचक आहे आणि शेवटच्या कातळटप्प्याला रेलिंग आहे. आधी राजगड करून झाला असेल तर तोरण्याला दमछाक होते, पण भीती वाटत नाही.

जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यातले शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन आपल्या पुणे जिल्ह्यातले. सिंहगड त्या यादीत नाही, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं.

स्वतःची गाडी नाही. तरी जाता येईल का?

येईल, आणि काही ठिकाणी तेच बरं. स्वारगेटहून पीएमपीची बस सिंहगडाच्या पायथ्याला जाते. वेल्ह्याला एसटी आहे. लोहगड, विसापूर, भाजे आणि कार्ला या सगळ्यांसाठी लोणावळा लोकल पकडून मळवलीला उतरायचं. घोरवडेश्वरची लेणीही लोकलने होतात. लोकल दुपारी विरळ असतात, तेव्हा येतानाची वेळ आधी पाहून ठेवा. गुंजवण्यासारख्या गावांतून परतीची शेवटची एसटी किती वाजता हे सकाळी उतरतानाच कंडक्टरला विचारा. गाडी नसण्याचा फायदा असा की एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूने उतरता येतं.

पावसाळ्यात जावं की नाही?

जावं, पण पावसाळ्यातला डोंगर वेगळ्याच नियमांनी चालतो, ते नियम माहीत करून घेऊन जावं. इथे थोडं लांबवर लिहितो.

सह्याद्रीतले ओढे आखूड आणि तीव्र उताराचे असतात. वर तासभर जोराचा पाऊस झाला की खाली पाणी झपाट्याने चढतं, आणि पाऊस थांबला की तेवढ्याच लवकर उतरतं. तुम्ही उभे आहात तिथे ऊन पडलेलं असेल तरी वरच्या पठारावर काय चाललं आहे ते दिसत नाही. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहून येऊ लागला, आवाज बदलला, की त्याच क्षणी पात्राबाहेर पडायचं. फोटो पूर्ण करायचा नाही, चप्पल शोधायची नाही.

काही वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही सहा जण मावळातल्या एका गडावरून उतरत होतो. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी तीनला कमरेच्या वर गेला होता. पलीकडे शंभर पावलांवर रस्ता, आमची गाडी दिसत होती. एक मित्र म्हणाला, साखळी करून जाऊ. आमच्यातल्या सर्वांत अनुभवी ताईने सॅक खाली ठेवली, त्यावर बसली आणि म्हणाली, "पाणी उतरेपर्यंत मी इथून हलणार नाही." तिने एक दगड निवडला होता, त्याचं टोक दिसतं का ते ती पाहत राहिली. पावणेदोन तासांनी दगड गुडघाभर उघडा पडला आणि आम्ही ओलांडलो. त्या दिवसापासून पावसाळी सॅकमध्ये दोन तास थांबता येईल एवढं खाणं आणि एक कोरडा टी-शर्ट असतोच.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला, चार जण गेले. ही सगळी आपल्यासारखीच रविवारी बाहेर पडलेली माणसं होती. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा वन खात्याने एखादी जागा बंद केली असेल तर दुसरी वाट शोधून आत शिरू नका. निघायच्या आदल्या दिवशी बातमी पाहा आणि बंद असेल तर बेत बदला.

चिंब पावसात चालायचंच असेल तर पठारावरच्या किंवा रुंद वाटेच्या जागा निवडा. लोणावळ्याहून राजमाचीची पंधरा-सोळा किलोमीटरची वाट किंवा कोरीगडाच्या पायऱ्या चालतील. विसापूरची पायऱ्यांची वाट पावसात ओढाच होते. ती सुंदर आहे, पण जोराचा पाऊस असेल तर तिच्या वाटेला जाऊ नये.

देवकुंड धबधबा, अंधारबन, ताम्हिणी?

ताम्हिणी घाटात पाऊस कोसळतो, आणि या जागा पावसाळ्यात अनेकदा बंद असतात. अंधारबनाची वाट पिंपरी गावातून सुरू होऊन भिऱ्याकडे कोकणात उतरते, सगळी मिळून तेरा-चौदा किलोमीटर. एकदा निम्मं अंतर गेलं की मागे फिरणंही तितकंच लांब. माझ्या मते पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात हे जंगल जास्त चांगलं दिसतं. पाणी अजून वाहतं, वाट दिसते, आणि पक्ष्यांचे आवाज ऐकू येतात.

पैसे भरून ग्रुपबरोबर जाणं चांगलं का?

नवख्यासाठी चांगलं, फक्त चार प्रश्न विचारून पैसे भरा. एका लीडरमागे किती माणसं? सगळ्यात मागे कोण चालणार? प्रथमोपचाराचं प्रशिक्षण कुणाकडे आहे? पाऊस जास्त झाला तर ट्रेक रद्द करणार की नाही?

मी एकदा सत्तरेक जणांच्या गटात गेलो होतो. पुढचे आणि मागचे यांच्यात तासाभराचं अंतर पडलं, मागे एकही लीडर नव्हता, आणि शेवटच्या दहा-बारा जणांना आम्ही दोघांनी मोबाइलच्या उजेडात गावात आणलं. त्यातली एक मुलगी पहिल्यांदाच ट्रेकला आली होती आणि रडत होती. तिला पुन्हा कधी डोंगरात यावंसं वाटलं असेल का, हा विचार अजून मनात येतो. तेव्हापासून पंचवीसपेक्षा मोठ्या गटात मी जात नाही.

कात्रज ते सिंहगड रात्री करतात, आम्ही करू का?

पहिला ट्रेक म्हणून नको. जुन्या कात्रज बोगद्यापासून टेकड्यांमागून टेकड्या चढत-उतरत जायचं असतं. दर वेळी वाटतं आता संपली आणि पुढे आणखी एक उभी असते. वाटेत पाणी नाही. चांदण्या रात्री, हिवाळ्यात, वाट माहीत असलेल्या माणसाबरोबर आणि माणशी तीन लिटर पाणी घेऊन करा. पावसाळ्यात या टेकड्यांच्या उतारांवर चिखल होतो आणि दाट धुक्यात वाट सहज सुटते.

लहान मुलं आणि आई-बाबा बरोबर आहेत.

मल्हारगड. दिवे घाटाजवळ सोनोरी गावातून अर्ध्या-पाऊण तासात माथा. मराठ्यांनी बांधलेला हा शेवटचा किल्ला मानतात. छोटासा, नीटनेटका, मुलांना पूर्ण तट हिंडून "आम्ही अख्खा किल्ला पाहिला" म्हणता येतं. झाड कमी आहेत, म्हणून सकाळी दहाच्या आत उतरायला लागा. चढ अजिबात नको असेल तर भुलेश्वरचं देऊळ, गाडी वरपर्यंत जाते आणि आतली शिल्पं पाहण्यात दोन तास जातात. मुलांना वेगाने चालवू नका. मुंग्यांच्या रांगेपाशी ती अर्धा तास बसली तरी बसू द्या.

गड-किल्ले नकोत, नुसता निसर्ग हवा.

भीमाशंकरच्या जंगलात शेकरू पाहा. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी पुण्याहून एका दिवसात दिसू शकतो, हे भाग्यच. मात्र देवळाजवळच्या गर्दीत नको, मुख्य रस्त्यापासून आत जाणाऱ्या परवानगीच्या वाटेवर शांत उभे राहा आणि वर पाहा. आधी फांदी हलते, मग लांब शेपूट दिसते.

थंडीत भिगवण. सोलापूर रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब (एक प्रकारचे हंस) असतात. नावाड्याला पक्ष्यांच्या थव्यात होडी घालायला सांगू नका. दूर थांबलं तर ते शांतपणे चरताना दिसतात.

आणि ज्याच्याकडे कुणी फिरकत नाही ते माळरान. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याचं क्षेत्र सव्वापाच चौरस किलोमीटरांच्या आसपास, पण तिथे चिंकारा आहेत. पुणेकराला डोंगर दिसला की तो निसर्ग वाटतो, गवताळ माळ दिसला की पडीक जमीन. हा गैरसमज मोडायला एक सकाळ पुरते.

काजवे कधी? फुलं कधी?

काजवे मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, पहिल्या जोरदार पावसाआधी. राजमाचीला जा, टॉर्च बंद ठेवा, झाडाखाली मोबाइल उघडू नका. उजेडात त्यांना एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत. फुलं सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत: सोनकीने पिवळी झालेली पठारं, उतारांवर गुलाबी तेरडा. कारवी मात्र साधारण आठ वर्षांतून एकदाच फुलते, तिचं वर्ष आलं असं कानावर आलं की रजा टाका.

सॅकमध्ये काय काय?

तीन लिटर पाणी, मीठ-साखर किंवा ओआरएस, सुका खाऊ, कोरडे मोजे, शिट्टी, टॉर्च (मोबाइलचा धरू नये), छोटा दोर, पट्टी बांधायचं सामान, आणि स्वतःचा कचरा परत आणायला पिशवी. बुटाचा तळ खोल खाचांचा हवा. नवे बूट थेट गडावर नकोत.

मधमाश्या, साप, बिबट्या यांची भीती वाटते.

तिघांत मला मधमाश्यांची काळजी सर्वांत जास्त. कड्यांवर आणि दरवाजांच्या कमानींत आग्यामोहोळं असतात. धूर, अत्तर, डिओ आणि आरडाओरडा यांनी ती उठतात. उठलीच तर हात झटकू नका, ओढणी किंवा जॅकेटने तोंड झाका आणि कड्याकडे न जाता दूर पळा. काटे नखाने खरवडून काढा. अंगावर खूप डंख असतील, श्वास लागत असेल तर लगेच दवाखाना.

साप चावला तर जखम कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. पाय हलू न देता माणसाला उचलून जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीसाठी ११२. जुन्नर-शिरूर भागात बिबटे आहेत. तिथे अंधारात पायी फिरू नका, मुलांना मागे सोडू नका.

वाट चुकली तर?

थांबा. शेवटची खात्रीची खूण कुठे होती ते आठवा आणि तिथपर्यंत मागे या. ओढ्याच्या पात्रातून खाली उतरत राहिलं की गाव लागेल असं मनात येतं, पण सह्याद्रीत असा ओढा बहुधा कड्यावरून खाली पडतो. ढोरवाटा दहा दिशांना फुटतात. बूट-चपलांचे ठसे, खडूचे किंवा रंगाचे बाण, दगडांवर दगड रचलेले दिसतात ती माणसांची वाट. गावातला माणूस बरोबर घेतला तर त्याची मजुरी आधी ठरवा आणि ठरलेलीच द्या.

वर जेवण मिळतं का?

मोठ्या गडांवर सुट्टीच्या दिवशी मिळतं. पायथ्याच्या गावात आदल्या दिवशी सांगितलं तर पिठलं, भाकरी, ठेचा आणि कांदा घरी बसून खाता येतो. सिंहगडाच्या वाटेवर ताक विकणाऱ्या एका मावशी मला आठवतात. मी धापा टाकत विचारलं, "मावशी, ताक कसं दिलं?" त्या म्हणाल्या, "आधी बस बाळा, दम घे. तापलेल्या अंगावर गार घेऊ नको." पाच मिनिटं त्यांनी ग्लास भरलाच नाही. मग झाकणावरचं ओलं फडकं बाजूला करून रवीने ढवळलं आणि दिलं. पायथ्यापासून सगळं ओझं त्यांनी डोक्यावर आणलेलं होतं. अशा ठिकाणी दहा रुपयांसाठी घासाघीस करू नये.

एकट्याने जाऊ का?

टेकडीवर आणि सिंहगडाच्या वर्दळीच्या वाटेवर दिवसा जा. बाकी ठिकाणी किमान तिघं असा: एकाला लागलं तर एक त्याच्याजवळ थांबतो, एक मदत आणतो. अंधारात टेकडीवरही एकट्याने नको. कुठे जातोय आणि किती वाजेपर्यंत फोन करीन हे घरी सांगून निघा.

उद्याच जायचंय. एकच जागा सांगा.

पाऊस फार नसेल तर सकाळच्या लवकरच्या लोकलने मळवली. स्टेशनवरून भाजे गावापर्यंत चालत जा, पायऱ्या चढून आधी लेणी पाहा. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकापासूनची ही बावीस लेणी, चौदा स्तूपांचा समूह, आणि एका भिंतीवर तबल्यासारखं वाद्य वाजवणारी स्त्री कोरलेली आहे. तिला शोधून काढा. मग गाडीरस्त्याने लोहगडवाडी आणि गड. विंचूकाट्याच्या, म्हणजे गडाच्या लांब चिंचोळ्या माचीच्या, टोकापर्यंत जायचं असेल तर बारापर्यंत गडावर पोचलेले असा. दोनला उतरायला लागा, ढग भरून आले असतील तर एकलाच. स्टेशनवर पोचेपर्यंत पाय भरून आलेले असतात. परतीचं तिकीट सकाळीच काढून ठेवलं असेल तर बाकावर बूट काढून गाडीची वाट पाहता येते.